घोडीचा पुढचा पाय सुजलाय, बर्फ की शेक?

कळव्याचा_भाऊ
नमस्कार मंडळी, आमची वरातीची घोडी आहे, काल रात्री घोडबंदर रोडच्या लग्नावरून परत येताना पेव्हर ब्लॉकवर पाय सटकला, पडली नाही पण सकाळपासून उजव्या पुढच्या पायाने लंगडतेय. गुडघ्याखाली नळीच्या मागची शीर सुजलीय, गरम लागते आणि दाबलं की पाय झटकन उचलते. जखम नाही कुठे. डॉक्टर उद्या दुपारी येणार. सईस काका म्हणतात आंबेहळदीचा गरम लेप लावून वरून घट्ट पट्टी आवळू, मी म्हणतोय बर्फ. त्यात रविवारची वरात घेऊन बसलोय. काय करू?

शिकाऊ_व्हेट
बर्फ. गरम काही नको, चोळायचं पण नाही. आत टेंडनचे (तुम्ही शीर म्हणता ती, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तंतू तुटलेले असले तर शेकाने रक्त आणखी धावून सूज वाढते, थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणंही बधिर होतं. घोड्याला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच, कातडी, टेंडन, हाड एवढंच, त्यामुळे गारवा पटकन आत पोचतो. 20 मिनिटं लावा, 3-4 तासांनी परत, पहिले 2-3 दिवस असंच. नुसता बर्फाचा खडा कातडीवर धरून बसू नका, बादलीत पाणी आणि बर्फ एकत्र करून पाय आत उभा करा, पाणी सगळीकडून लागतं म्हणून पिशवीपेक्षा चांगलं काम होतं.
आणि ती पाय टेकवतच नसेल तर उद्याची वाट बघू नका, फ्रॅक्चरही असू शकतं, तिला जागेवरून हलवू नका आणि आजच डॉक्टरांना परत फोन लावा.

कळव्याचा_भाऊ
टेकवते, पण सांभाळून. बादलीत पाय ठेवतच नाही हो, लाथेने बादलीच उडवली. नळाच्या पाइपने पाणी मारलं तर चालेल?

ऐरोली_खाडीवाला
चालतं, पण आधी पाण्यात हात घालून बघा भाऊ. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी या दिवसांत दुपारी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, तासभर मारलं तरी उपयोग शून्य. मासळी बाजारातून बर्फाची लादी आणा आणि चुरा करून घ्या. बादली नको असेल तर टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब घ्या, दोन हात लांब तुकडा कापायचा, पायात मोज्यासारखा चढवून खाली सैलसर बांधायचा, वरून बर्फ भरायचा आणि पट्टा पाठीवरून टाकायचा म्हणजे घसरत नाही. पाणी झिरपत राहिलं तर राहू दे, वरून बर्फ टाकत राहा.

जुना_रेसवाला
बर्फावर सगळे बोलले, पट्टीवर कोणी बोलेना, आणि नासाडी तिथेच होते. दाब पाहिजे, तो सूज साचू देत नाही, पण सईस काकांना सांगा नुसती क्रेप कातडीवर आवळायची नाही. एका जागी दोरीसारखी रुतली की पट्टीनेच टेंडन दुखावतं, चांगल्या पायाचं वाटोळं होतं.
बर्फ झाला की पाय पूर्ण कोरडा करा (आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या पट्टीखाली कातडी कुजते), मग कापसाचा जाड थर गुडघ्याखालून पार घोट्याखालपर्यंत, त्याला एकही सुरकुती नको, आणि त्यावर पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर, सगळीकडे सारखाच ताण. वर-खाली कापसाची कड बाहेर दिसली पाहिजे. दिवसातून दोनदा सोडून बघा. समोरच्या चांगल्या पायालाही बांधा, सगळं वजन आता त्याच्यावर आहे.

शिकाऊ_व्हेट
+1 रेसवाले काका. आणि घरातलं माणसांचं पेनकिलर तिला देऊ नका. डायक्लोफिनॅक हे पेनकिलर तर जनावरांसाठी 2006 पासूनच बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. औषध डॉक्टर ठरवतील. सोनोग्राफी साधारण आठवड्याने करा, लगेच केली तर इजा पूर्ण दिसत नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात विचारा.

कळव्याचा_भाऊ
ट्यूब मिळाली, आता शांत उभी आहे. सईस काका अजून रुसलेत. दोन-तीन दिवसांत सूज उतरली तर रविवारी हळूहळू चालवत नेली तर? बँडवाले स्टेशनपासूनच निघणारेत, अंतर फार नाही.

जुना_रेसवाला
नाही. सूज उतरली म्हणजे शीर जुळली असं नसतं, टेंडन खरंच फाटलं असेल तर 9 महिने ते वर्ष जातं, आणि घाई केली तर परत तिथेच फाटतं. वर नवरदेव बसवून डांबरावर नाचवणार तिला? तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या घोडीवाल्याला आजच फोन करा आणि टोकन त्याच्याकडे वळतं करा.