शब्दचर्चा : ‘ध्वनिशिल्प’ की ‘नादाकृती’?

प्रश्न : भौतिकशास्त्रातील प्रयोगांवरून सुचलेल्या कलाकृतींविषयी लिहिताना मला एक अडचण येत आहे. आघात होऊन वाजणारी तारांची रचना आणि कंपनांमुळे पत्र्यावर वाळूत उमटणारी नक्षी, या दोन्हींना ‘ध्वनिशिल्प’ म्हणावे काय? तसेच ‘नोड’साठी, म्हणजे कंप पावणाऱ्या वस्तूतील न हलणाऱ्या जागेसाठी, मराठीत चांगला शब्द कोणता?

उत्तर : दोन्हींना एकच शब्द वापरू नये. ‘ध्वनिशिल्प’चा विग्रह ‘ध्वनी निर्माण करणारे शिल्प’ असाही होतो आणि ‘ध्वनीने घडवलेले शिल्प’ असाही. त्यांपैकी पहिलाच अर्थ राखावा, असे मला वाटते. ‘सेमीकंडक्टर’ या नावाने काम करणाऱ्या ब्रिटिश कलावंत जोडीने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एक भव्य वर्तुळाकार रचना मांडली होती. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील ‘ॲटलास’ प्रयोगात नोंदल्या गेलेल्या कणांच्या टकरींच्या माहितीनुसार तिच्यातील लहान हातोड्या उभ्या तारांवर आघात करीत. तिला निःशंकपणे ध्वनिशिल्प म्हणावे. (‘ध्वनी’ एकटा असताना दीर्घ असला, तरी समासात ‘ध्वनि’ असा ऱ्हस्वच लिहायचा.)

वाळूच्या नक्षीसाठी मात्र मी ‘नादाकृती’ सुचवतो. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये अशा आकृत्या प्रसिद्ध केल्या. पत्र्यावर वाळू भुरभुरून त्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला, की कण थरथरत, उड्या घेत सरकतात आणि काही क्षणांत रेघा, चौकोन, तारे दिसू लागतात. क्लाड्नी यांनी त्यांना ‘क्लांगफिगुरेन’ म्हटले. जर्मनमध्ये ध्वनी या सर्वसामान्य अर्थाने ‘शाल’ हा शब्द आहे, तर ‘क्लांग’मध्ये स्वराची आस, म्हणजे त्याचे घुमत राहणे, अभिप्रेत असते. आपल्याकडे ‘ध्वनी’ आणि ‘नाद’ यांत जवळजवळ हाच भेद आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकाराने तेराव्या शतकात आहत (आघाताने उमटणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) असे भेद सांगितले, ते नादाचेच. गजाने पत्र्यातून निघतो तो आहत नाद; म्हणून ‘नादाकृती’.

‘नोड’साठी ‘निस्पंद’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मला अतिशय नेमका वाटतो. वाळू जमते ती पत्रा जेथे हलत नाही तेथे, म्हणजे निस्पंद रेषांवर. नादाकृतीत दिसतात त्या या स्थिर जागा.

पुन्हा प्रश्न : ‘निस्पंद’ सामान्य वाचकाला फार अवघड, काव्यमय वाटणार नाही का? ‘स्थिर रेषा’ का नको?

उत्तर : ‘स्थिर रेषा’ म्हटल्याने रेषा जागची हलत नाही एवढेच कळते, भोवतालचा सारा भाग कंप पावत असताना ती मात्र कंपहीन आहे, हे कळत नाही. ‘निस्पंद’मध्ये ‘स्पंद’ असल्यामुळे तो संबंध आपोआप येतो. शिवाय हा अनुभव आपल्याला परका नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवरील १९३४ च्या संशोधनात कातड्यावर बारीक वाळू पसरून अशाच आकृत्या मिळवल्या होत्या. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेशी हलकेच टेकलेली असते. त्या स्पर्शाने पुडीचे (तबल्याच्या कातड्याचे) मूळ कंपन दबते आणि बोटाखालून ज्याची निस्पंद रेषा जाते ते कंपन खुले वाजते. वाचकाला आधी हे बोट दाखवावे आणि मग शब्द द्यावा.