झोप, मज्जातंतू आणि मूड: तुमचे अनुभव लिहा

रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशी कुणी साधं काही बोललं तरी डोळे भरून येतात, नाहीतर पारा चढतो. उपदेश सगळीकडे मिळतात. इथे फक्त स्वतः करून पाहिलेलं लिहा. सुरुवात मी करते.

पाठ टेकली की माझा मेंदू टक्क जागा व्हायचा. समुपदेशकांनी निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धत शिकवली. पेंग आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं आणि दुपारची डुलकी बंद. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका मला आता तोंडपाठ आहे! सुरुवातीला हाल झाले, पण पलंग दिसताच छातीत जे धडधडायचं ते थांबलं.

*

मी कॉफीवाला. झोप लागायची, पण पहाटे तीनला डोळे सताड उघडे. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. दुपारनंतर कॉफी सोडली आणि पहाटेचं जागरण बरंच कमी झालं.

*

रात्रपाळीवाल्यांना कृपया 'रोज एकाच वेळी झोपा' सांगू नका. मी नर्स आहे. शरीरातलं घड्याळ कसं चालतं यावरच्या संशोधनाला 2017 चं नोबेल मिळालं, पण ते घड्याळ आमचा ड्युटीचा तक्ता बघत नाही, उजेड बघतं. म्हणून सकाळी घरी परतताना गडद गॉगल, खोलीला जाड पडदे, फोन बाहेर. पाळी बदलली की एक-दोन दिवस मी घरात कुठलाही नाजूक विषय काढत नाही. नवऱ्यालाही ते पाठ झालंय, तो आधी विचारतो, "आज बोलायचं की उद्या?"

*

आमच्याकडे ह्यांचं घोरणं. मध्येच श्वास थांबायचा, मग दचकून हुंदका दिल्यासारखा परत सुरू. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड. वयाने स्वभाव तिरसट झाला, असंच घरात सगळे म्हणायचे. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि शरीर धोक्याची घंटा वाजवतं, तेही रात्रभर पुन्हा पुन्हा. मग माणूस शांत राहील कसा? सीपॅप मशीन (झोपेत नाकावरच्या मास्कमधून हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लागल्यापासून ते चक्क सकाळी गुणगुणतात.

*

दीर्घ श्वासाबद्दल: श्वास सोडताना ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. आकडे मोजायला लागले की मलाच ताण येतो, म्हणून मी ओठ मिटून नुसता 'म्म्म' करते.

*

मला यातलं काहीच लागू पडलं नाही. पहाटे फार लवकर जाग यायची आणि उठावंसंच वाटायचं नाही. ते नैराश्य होतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले, झोप मागाहून सुधारली. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका.

*

ॲप्नियावाल्या ताई, ह्यांना मास्कची सवय कशी लावलीत? आमच्या बाबांनी पहिल्याच रात्री काढून फेकला.

*

आधी दिवसा, टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावायला द्या. आणि मास्कचं माप पुन्हा तपासून घ्या. आमचा आधी सैल होता, हवा थेट डोळ्यांत जायची.