ॲन्टिबायोटिक हरलं तर सातपुड्यातला पाला कामाला येईल का?

तापीकाठ: काकांना शुगर आहे, पायाची जखम भरेना. पू तपासायला दिला तर रिपोर्टमध्ये एकेका औषधापुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. ‘एस’, म्हणजे औषध चालेल, फक्त महागड्या इंजेक्शनांपुढे. आपल्याकडे जखमेवर कंबरमोडीचा रस पिळायची पद्धत जुनी. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हजार वर्षांपूर्वीचा एक नुस्खा काढला. लसूण, कांदा, वाइन आणि बैलाचं पित्त नऊ दिवस मुरवलं आणि एमआरएसए, म्हणजे बऱ्याच ॲन्टिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, अशा चिवट जंतूवर वापरलं. चाललं! ते जुन्या पोथ्या चाळतात, आपण मात्र झाडपाल्याचं नाव काढलं की हसतो.

मेडिकलवाला_चोपडा: भो, चाललं ते प्रयोगशाळेत आणि उंदराच्या जखमेवर. काचेच्या बशीत जंतू फिनाइलनेही मरतात, म्हणून पिणार का? हळदीतलं करक्युमिन बशीत भारी, पण पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. मग काढा पिऊन रक्तातलं इन्फेक्शन कसं जाणार? आणि शुगरवाल्याच्या पायावर बांधावरचा पाला वाटून? धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. काकांना आधी सर्जनकडे न्या.

तापीकाठ: नेलंय. काकांना पाला लावा असं म्हटलंच नाही मी. संशोधनाचं बोलतोय.

मायक्रोवाली: दोघंही एक गोष्ट सोडताय. दारुहळदीत बर्बेरिन असतं, ते जंतू मारतं. पण स्टॅफिलोकोकस त्याला आत टिकू देत नाही, पेशीच्या पडद्यातल्या पंपाने बाहेर फेकतो. अमेरिकेत दारुहळदीच्या भावकीतल्या झुडपांवर काम झालं, २००० साली छापून आलं. त्याच झुडपात दुसरा एक पदार्थ सापडला. तो एकटा जंतूचं काही बिघडवत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो. मग बर्बेरिनचं काम फत्ते. म्हणजे वनस्पतीकडून नवं ॲन्टिबायोटिक मिळेलच असं नाही, पण जुन्याला जोडीदार मिळू शकतो. मला तरी हीच वाट खरी वाटते.

मेडिकलवाला_चोपडा: मान्य. पण आज माझ्या दुकानात ती जोडगोळी नाही. पेशंट आज येतो.

पऱ्हाटीवाला: हाई बठ्ठं खरं शे, पन आपण फवारतो काय ते बघा. कपाशीवर करपा दिसला की कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पंपात स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी. त्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं, टीबीवरचं! केंद्राने २०२१ च्या डिसेंबरात शेतीतला हा वापर थांबवायचा मसुदा काढला होता. झाडपाला नंतर शोधा, आधी पुडी सोडा. (मीही मारलीय, कृषी केंद्रवाला देतो म्हणून.)

रावेरची_ताई: आणि मेडिकलवाले भाऊ, चिठ्ठीशिवाय ‘दोनच गोळ्या द्या’ म्हटलं की पट्टी कापून कोण देतं? २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या आणि रजिस्टरात नोंदायच्या औषधांची यादी, आहे ना?

मेडिकलवाला_चोपडा: रजिस्टरात नाव लिहायला सांगितलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, ताई.

रावेरची_ताई: जाऊ द्या की मग.