मुंबईत कामासाठी एकच रात्र, तीही एकटीनं. संध्याकाळ कशी घालवावी?

वऱ्हाडकन्या:
नागपूरहून महिन्यातून दोनदा बीकेसीतल्या ऑफिसात यावं लागतं. संध्याकाळी साडेपाचला मोकळी होते, दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा हजर. कंपनी अंधेरीला विमानतळाजवळ खोली देते. संध्याकाळ टीव्ही आणि खोलीवर मागवलेली पनीरची भाजी यातच संपते, झोपही धड लागत नाही. एकट्या बाईला जमेल असं काय करता येईल? जुलै-ऑगस्टमध्येही फेऱ्या आहेत.

दादरकर:
ताई, आधी खोली बदलून मागा. तेवढ्याच भाड्यात दादर पश्चिमेला मिळाली तर अंधेरी सोडाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, त्यामुळे बीकेसीहून धारावी, शीतलादेवी आणि तिसरं स्टेशन दादर. सहाला गाडीत बसलात तर साडेसहाच्या आत खोलीवर. तिकीट जिना उतरण्याआधीच फोनवर काढून ठेवा. खाली रेंज गेली की पैसे कापले जातात, तिकीट मात्र येत नाही, आणि मग गेटपाशी खोळंबा होतो.

बॅग खोलीत टाकून थेट शिवाजी पार्क. बाहेरच्या कट्ट्याची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची आहे, दोन फेऱ्यांत दिवसभर बसून आखडलेले पाय सुटतात. कट्ट्यावर आजीआजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे बसलेले असतात, एकट्या बाईकडे कुणी वळूनही पाहत नाही. नंतर आस्वादला थालीपीठ नाहीतर प्रकाशला साबुदाणा वडा आणि पियूष. प्रकाशला उशीर करू नका, ते फार रात्रीपर्यंत चालत नाही. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाबरोबर टेबल वाटून घ्यायची इथली रीतच आहे. चौघांचं कुटुंब दाराशी ताटकळत असतं आणि एकट्या माणसाला रिकामी खुर्ची आधी मिळते.

तिसरी घंटा:
दादरला राहणार असाल तर नाटक का सोडायचं? शिवाजी मंदिर तिथंच, प्लाझाजवळ. मराठी नाटकांचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी असतात, आडवारी कमी. म्हणून फेरीची तारीख ठरली की लगेच पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान किंवा तिकिटांचं ॲप बघा. साडेआठचा प्रयोग अकराच्या आसपास सुटतो. जोडीनं येणारे दोन-दोन खुर्च्या धरतात, त्यामुळे मधेच एखादी सुटी खुर्ची उरते आणि ती बऱ्याचदा पुढच्या रांगेत असते. प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर जाऊन ‘एकच हवं’ म्हणा. मध्यंतरात बटाटेवडा खायचा असेल तर पडदा पडताच उठा, पाच मिनिटांनी काउंटरपर्यंत पोचता येत नाही.

जुहूच्या पृथ्वीलाही जाता येईल, पण तिथे खुर्च्यांना नंबर नसतात. आधी येईल तो आधी बसेल. शिवाय तिसऱ्या घंटेनंतर दार बंद, तिकीट असलं तरी. बीकेसीहून जुहूला सहा-सातच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ लागेल याचा भरवसा नाही.

अकरानंतर मेट्रो धरून चालू नका, शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास निघते. अंधेरीलाच राहावं लागलं तर लोकलनं जा. महिलांच्या डब्यावर ‘२४ तास’ लिहिलंय का ते बघून चढा, काही डबे रात्री सर्वांसाठी खुले होतात.

पहाटपाळी:
रात्री अकरापर्यंत बाहेर आणि सकाळी दहाला मीटिंग, हे मला पटत नाही. एकटीच्या मुक्कामात खरी मजा सकाळची असते. दादर स्टेशनच्या पश्चिमेचा फूलबाजार पहाटेपासून भरतो. सहाला गेलात तर झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गुलाब, किलोवर तोलला जाणारा मोगरा असं सगळं ताजं बघायला मिळतं. नऊनंतर स्टेशनची गर्दी त्यात मिसळते आणि उभं राहायला जागा उरत नाही. पायात जुन्या चपला घाला, खाली पाण्याचा आणि पाल्याचा चिखल असतो. तिथून पूल ओलांडून मध्य रेल्वेची लोकल, पुढचं स्टेशन माटुंगा. पूर्वेला उतरून कॅफे मद्रास किंवा राम आश्रयला इडली आणि फिल्टर कॉफी. आठला खोलीवर परत.

वऱ्हाडकन्या:
वा! माझी एक फेरी नेहमी सोमवारी पडते. चालेल ना? आणि झोपेचं?

पहाटपाळी:
सोमवारी कॅफे मद्रास बंद असतं, तेव्हा राम आश्रय. पृथ्वीलाही सहसा सोमवारी सुट्टी असते.

झोपेचं म्हणाल तर नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा अर्धा भाग जरा जागाच राहतो, कारण जागा अनोळखी असते. म्हणून दर फेरीला तेच हॉटेल आणि शक्यतो तीच खोली मागा. लिफ्टच्या शेजारची नको, रस्त्याकडची नको. घरची उशीची खोळ बरोबर आणा, वास ओळखीचा असला की फरक पडतो. पडद्यांच्या मधल्या फटीतून दिवा येत असेल तर कपाटातल्या पँटच्या हँगरचे चिमटे तिथे लावा, दाराखाली टॉवेलची गुंडाळी सारा. एसी १८ वर ठेवून रजईत शिरण्यापेक्षा २५-२६ ठेवा, पहाटे घसा कोरडा पडत नाही.

दादरकर:
पावसाळ्याचं राहिलं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, उलट रस्त्यावर येतं. हिंदमाता आणि सायनचा सखल भाग आधी भरतो. अशा भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते, फेरी ठरवताना त्या जुळवून बघा. बॅगेत एक जास्तीचा ड्रेस आणि दोन दिवसांची जास्तीची औषधं असू द्या, गाड्या बंद पडल्या तर मुक्काम वाढतो. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. पहिले बोळे तासा-दोन तासांत पाणी पिऊन गच्च होतात, तेच सकाळपर्यंत ठेवले तर बूट ओले ते ओलेच. लॅपटॉपसाठी मात्र बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. बॅगेवरचं कव्हर पाठीकडून गळतं.