चालणं पुरे, आता वजन उचला (पन्नाशीच्या उंबरठ्यावरून एक आगाऊ मत)

झिम्मा (धागाकर्ती)

सोसायटीच्या आवारात रोज सकाळी साडेसहाला आम्ही सात-आठ जणी चालायचो. सहा वर्षं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये गोल गोल. त्या सहा वर्षांत माझं वजन ६८ चं ७१ झालं. मैत्रिणी मिळाल्या, त्यामुळे तक्रार नाही.

दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगायची. आईला जमायचं नाही, मांड्यांत जीवच उरला नव्हता. एका रात्री सगळे झोपल्यावर मी हॉलमध्ये मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठून बघितलं. सोफा धरावा लागला. वय ४७.

मग जिम लावली. आज १९ महिने झाले. रिकाम्या १५ किलोच्या बारने सुरुवात केली, आता डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) ६५ किलो. वजनकाट्यावर फरक फक्त अडीच किलो, म्हणजे घरच्यांच्या हिशोबाने पैसे पाण्यात. पण दिवाळीला ब्लाऊज शिवायला टाकला तेव्हा शिंपीणबाईंनी वहीतलं जुनं माप बघितलं आणि टेप पुन्हा लावला. खालचा घेर ३ इंच कमी, दंड अर्धा इंच जास्त. "ताई, असं उलटं कसं झालं?"

तर माझं मत. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झडतात, साठीनंतर त्याहून वेगाने. पाळी जाण्याच्या आसपास इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची झीजही वाढते. चालण्याने दम वाढतो, पण झडलेला स्नायू भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि त्याच्याच खाली आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणी वाचत नाही.

म्हणून म्हणते, चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईने वजन उचलायला लागावं. गुलाबी दोन किलोची डंबेल्स नव्हेत, आठव्या वेळेला तोंड वाकडं होईल असं वजन. आता झोडा.

निवांत पाटील

ताई, अभिनंदन. पण हे शहरातलं खूळ आहे. आमच्या आईने जिमचं तोंड पाहिलं नाही. आयुष्यभर विहिरीवरून दोन-दोन हंडे आणले, जात्यावर दळलं. आज ८१ व्या वर्षी खाली बसून भाकरी थापते. घरातली कामं करा, धुणीभांडी हाताने करा, जिमला पैसे कशाला?

बांधावरून

पाटीलसाहेब, तुमच्या आईंना नमस्कार. पण जी टिकली तीच आपल्याला दिसते. मी बीडकडचा. आमच्या भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, दिवसातून कितीतरी वेळा. तुमच्या हिशोबाने त्या सगळ्या पहिलवान व्हायला हव्या होत्या. चाळिशीत कंबर गेलेली असते. त्यातल्या किती जणींची गर्भाशयं काढली गेली, ते २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचलं.

वजन तेच आहे. फरक इतकाच की जिममधली बाई तीन सेट करून बसते, एक दिवस आड करते, घरी जाऊन जेवते. झेपलं तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवते, नाही झेपलं तर उतरवते. मुकादमाला "आज नाही झेपत" सांगून बघा. पहाटे चारला उठून, उरलेली भाकर-चटणी खाऊन, विश्रांतीशिवाय उचललेल्या वजनाने अंग बनत नाही, झिजतं.

झिम्मा

बांधावरून, +१०००. हे मला असं मांडता आलं नसतं.

मोजून मापून

धागाकर्तीच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण शीर्षक चुकीचं आहे.

एक, "स्नायू वाढला की बसल्या जागी चरबी जळते" हे प्रत्येक ट्रेनर सांगतो. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. मोठ्या मेहनतीने दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाला जादा खर्च २६ कॅलरी, म्हणजे एक मारी बिस्कीट.

दोन, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. वजन जास्त असलेल्या लोकांचे तीन गट, आठ महिने. एक नुसता एरोबिक म्हणजे दम वाढवणारा व्यायाम करणारा, एक नुसती वजनं उचलणारा, एक दोन्ही करणारा. नुसतं वजन उचलणाऱ्यांचा स्नायू वाढला, पण चरबी जवळजवळ हलली नाही. चरबी उतरली ती एरोबिक करणाऱ्या दोन्ही गटांची. मग "चालणं पुरे" कुठल्या आधारावर?

तीन इंचांचं श्रेय बारला देण्याआधी त्या १९ महिन्यांत जेवणात काय बदललं तेही लिहा.

झिम्मा

नेमकं धरलंत. जेवण बदललं. संध्याकाळचा चहा-फरसाण गेला, रात्रीच्या तीन पोळ्यांच्या दीड झाल्या, रोज दोन अंडी आणि वाटीभर मोड आलेली मटकी आली. चरबी उतरली त्यात ताटाचा वाटा मोठा आहे, कबूल. पण नुसतं खाणं कमी करून मी आधी दोनदा ६४ वर आले होते. दोन्ही वेळा जिना चढताना पाय थरथरायचे आणि वर्षभरात सगळं परत. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. तो वाचवायला वजन उचलते.

आणि ड्यूकचं एरोबिक म्हणजे आमचं पार्किंगमधलं चालणं नव्हे. आठवड्याला साधारण १९ किलोमीटर जॉगिंगइतकं काम, धाप लागेल अशा वेगाने. आम्ही मालिकेचा कालचा भाग सांगत चालायचो. तरी शीर्षक आगाऊ आहे, म्हणून कंसात तसं लिहिलंयच.

कडक इस्त्री

बायका पुरुषी दिसायला लागतात, हे कुणीच का बोलत नाही? दंडावर बेडक्या असलेली बाई साडीत कशी दिसेल?

पिठलंभाकरी

साहेब, बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या कित्येक पटींनी कमी. पन्नाशीत बेडकी यायला दहा वर्षं घासावं लागेल. २००० साली सिडनीला बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्य आणलं, तेव्हा तुम्हीही टाळ्या वाजवल्या असतील. साडीचं आम्ही बघून घेऊ.

सुईदोरा

मी ५२, दोन नॉर्मल डिलिव्हरी. अंग थोडं खाली आलंय आणि डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून स्पष्ट सांगितलंय. असे धागे वाचून भावजय हौसेने जिमला गेली. दुसऱ्याच आठवड्यात ट्रेनरने "होतंय मॅडम, होतंय" करत वजन वाढवलं, कंबरेत उसण भरली ती महिनाभर. "प्रत्येक बाईने" हा शब्द मागे घ्या. प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं आणि बहुतेक जणी खालच्या दुखण्याबद्दल घरातही बोलत नाहीत. ट्रेनरला कुठून सांगणार?

फिजिओवाली

याच कामात १७ वर्षं आहे. सुईदोरा यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यावर सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात लिफ्टमोर नावाचा प्रयोग झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. अर्ध्या जणींना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनं दिली: डेडलिफ्ट, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस), डोक्यावर बार, पाच वेळा उचलायचं असे पाच सेट, एका वेळेच्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या वर. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. धागाकर्तीच्या बाजूने याहून चांगला पुरावा नाही.

पण जाहिरातवाले हे गाळतात: प्रत्येक सत्रावर प्रशिक्षित माणसाची नजर होती, आणि पहिला महिना हलक्या वजनात फक्त पद्धत शिकवण्यात गेला. आपल्याकडे लेडीज बॅचमध्ये पंधरा जणींना एक पोरगा, तोही अर्धा वेळ फोनवर.

अंग खाली आलेल्या बाईने काहीच उचलू नये असं मी सरसकट म्हणणार नाही. आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून घ्या. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब खाली जातो, म्हणून उचलताना श्वास सोडायचा, आणि खाली ओढल्यासारखं वाटलं की वजन ठेवून द्यायचं. किती उचलायचं ते तपासणाऱ्या व्यक्तीने ठरवावं, या धाग्याने नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी विचारा.

झिम्मा

"प्रत्येक" मागे. सुईदोराताई, सॉरी.

दुपारची झोप

सगळे आकडे वाचले. मला वेगळाच राग येतोय.

विशीत सांगितलं गोऱ्या व्हा. तिशीत सांगितलं, बाळ झालं तरी बारीक राहा. आता पन्नाशी आली, मुलं मार्गी लागली, म्हटलं जरा पडावं, तर तुम्ही म्हणताय दंड कमवा. दर वेळी काम आमच्याच अंगावर. सकाळी साडेपाचला उठून दोन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, आठ सतराची लोकल, संध्याकाळी येताना भाजी. या दिवसात जिमचा तास कुठून काढू? आणि काढलाच तर तो झोपेतून जाईल, नवऱ्याच्या टीव्हीतून नाही. बाई म्हातारपणी पडू नये असं खरंच वाटत असेल तर आधी तिच्या हातातून सकाळचे डबे काढून घ्या. त्यावर धागा काढा, मी पहिली येईन.

फी परवडते का हा प्रश्न तर कुणी विचारलाच नाही. प्रथिनांचंही तसंच. पनीर, अंडी, वर डब्यातली पावडर. वरणभात खाणाऱ्या घरात एकटीसाठी वेगळं ताट?

मोजून मापून

पावडरीबाबत: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांत प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. साध्या माणसाला त्यांच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५०. वजन उचलणाऱ्यांना याहून जास्त सांगतात. ५० सुद्धा वरणभात-पोळी-भाजीत गाठायला वरण जरा घट्ट करावं लागतं. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत, पण घरात कुणी खात नाही, हा माझाही अनुभव.

झिम्मा

दुपारची झोप, तुमच्या डब्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा तास निघाला कारण मुलगी हॉस्टेलला गेली आणि आईसाठी बाई ठेवली. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं.

एकच सांगते. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. ओट्याखाली तो मीच सरकवायची, वीस वर्षं, कंबर वाकवून, चुकीचा. तेव्हा घरात कुणी "जपून, तुला झेपणार नाही" म्हटलं नाही. बार हातात घेतला त्या दिवशी सगळे म्हणाले. सुरुवातीला जिमची गरजही नाही. खुर्ची आणि पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठबस, आठवड्यातून दोन दिवस, दहा मिनिटं.

निवांत पाटील

आईला विचारलं. म्हणाली, "हौस होती का हंडे आणायची? नळ असता तर कशाला आणले असते." नोंद करून ठेवतो.

दुपारची झोप

काल रात्री भांडी आवरल्यावर तांदळाची पिशवी घेऊन दहा उठबशा काढल्या. पटलं म्हणून नाही, इथे भांडायला माहिती हवी म्हणून. सातव्याला पिशवी सुटली, दाणे स्वयंपाकघरभर. नवऱ्याने झाडू मारला. लग्नाला २६ वर्षं झाली, हे पहिल्यांदा.

आज दादरचा जिना उतरताना मांड्या बोंबलत होत्या. मत बदललेलं नाही.

फिजिओवाली

उद्या जास्त दुखतील. परवाचा दिवस सोडा, आणि पिशवीचं तोंड शिवून घ्या.