मलेरियाच्या लशीला उशीर का?
मलेरियाची लस यायला इतकी वर्षं का लागली, असं विचारलं जातं, म्हणून त्याविषयी थोडं. सुरुवात खरं तर १९६७ मध्येच झाली होती. न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग या शास्त्रज्ञ बाईंनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले मलेरियाचे परजीवी (मलेरिया घडवणारे सूक्ष्म जीव) उंदरांना टोचले आणि बरेच उंदीर पुढे मलेरियापासून वाचले. पण डासाच्या लाळेतून आलेला परजीवी थोड्याच वेळात यकृताच्या पेशीत शिरून बसतो. तिथं प्रतिपिंडांचं (रक्तात फिरून जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचं) काही चालत नाही, टी-पेशीच लागतात, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. कर्करोगाच्या पेशी टिपणाऱ्याही त्याच जातीच्या! म्हणून तर या दोन विषयांतले संशोधक एकमेकांच्या अंगणात डोकावत असतात.

बाकी, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेली आर-२१ ही मलेरियाची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाची असली तरी बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिचा भर मात्र प्रतिपिंडांवरच, म्हणजे परजीवीला यकृताआधी गाठायचं.