न्यूयॉर्कची व्याजमर्यादा 16 टक्के, मग माझ्या कार्डावर 27.99 कसे?

अबोली_क्वीन्स:
गेल्या वर्षी मुलाच्या दातांचं मोठं काम निघालं. विम्यात बसलं नाही, 4,200 डॉलर कार्डावर गेले. तेव्हापासून महिन्याला जवळपास 98 डॉलर नुसतं व्याज जातंय, मुद्दल आहे तिथेच. परवा बिल पहिल्या ओळीपासून वाचलं. दर 27.99 टक्के! न्यूयॉर्कच्या कायद्यात 16 ही मर्यादा आहे आणि 25 च्या वर गेलं की तो फौजदारी गुन्हा, असं मी वाचलंय. बँकेला फोन केला (नाव लिहीत नाही), तर "करारातच आहे" एवढंच उत्तर. करार शोधून काढला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ सापडली : या खात्याला फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचा) कायदा आणि साउथ डकोटाचा कायदा लागू. साउथ डकोटात मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. 16 च्या वरचं व्याज भरायला नकार दिला तर चालेल का?

निखारा:
ताई, काहीही करा, पण हप्ता थांबवू नका. माझ्या भावानं रागाच्या भरात तीन महिने पैसे भरले नाहीत. क्रेडिट स्कोअर असा कोसळला की पुढे त्याला भाड्याचं घर मिळेना.

जुना_खातेनीस:
अबोलीताई, मी अकरा वर्षं बँकेत कंप्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे बघायचं, काम केलं. तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तुमच्या बँकेला लागू होत नाहीत.

याचं मूळ 1864 च्या नॅशनल बँक कायद्यात आहे. नॅशनल बँक (म्हणजे केंद्र सरकारच्या सनदेवर चालणारी बँक) ज्या राज्यात "स्थित" असेल, तिथला दर तिला लावता येतो, असं त्याचं कलम 85 म्हणतं. राज्यांनी आपापल्या बँकांना झुकतं माप देऊन या नव्या बँकांचा गळा घोटू नये, हा हेतू होता. तेव्हा टपालानं घरोघरी येणारं कार्ड कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शंभर वर्षांनी कार्डं आली. नेब्रास्कातल्या ओमाहाची एक बँक मिनेसोटातल्या लोकांना 18 टक्क्यांपर्यंत व्याज लावत होती. मिनेसोटाची मर्यादा 12. तिथल्या मार्क्वेट बँकेची तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि डिसेंबर 1978 मध्ये एकमतानं निकाल लागला : बँक नेब्रास्कात, म्हणून दर नेब्रास्काचा. ग्राहक कुठे राहतो याला महत्त्व नाही.

तेव्हा महागाई भडकलेली होती. बँकांना स्वतःला पैसा महाग पडत होता आणि न्यूयॉर्कची मर्यादा त्यांना जाचत होती. साउथ डकोटानं 1980 मध्ये आपली मर्यादा काढून टाकली. सिटीबँकेनं कार्डांचा कारभार उचलून सू फॉल्सला नेला. 1981 मध्ये डेलावेअरनंही दार उघडलं. तुमच्या पाकिटावरचा पत्ता बघा, बहुधा या दोनपैकी एका राज्याचा असेल.

राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या, ठेवींना फेडरल विमा असलेल्या बँकांनाही 1980 च्या फेडरल कायद्यानं हीच मुभा दिली. त्यातून बाहेर पडायची सोय राज्यांना ठेवली होती, आयोवानं ती वापरली. नॅशनल बँकांच्या बाबतीत मात्र ही पळवाटही राज्यांकडे नाही.

मला यात सलतं ते हे. त्या वेळी साउथ डकोटाची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास. तिथल्या आमदारांनी घेतलेला निर्णय न्यूयॉर्कच्या घराघरात लागू होतो, आणि तुम्ही त्यांना मतही देऊ शकत नाही. दर किती असावा यावर वाद होऊ शकतो, पण तो काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, सगळ्या देशासाठी ठरवायला हवा. सैन्यातल्या लोकांसाठी तिनं 36 टक्क्यांची मर्यादा घातलीच आहे ना?

दूरदेशी:
खातेनीसकाका, दुसरी बाजूही बघा. मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे काहीच क्रेडिट हिस्टरी नव्हती. 16 ची मर्यादा असती तर मला कुठल्याच बँकेनं कार्ड दिलं नसतं.

जुना_खातेनीस:
खरं आहे, मर्यादा खाली आणली की आधी नव्या माणसाला नकार मिळतो. म्हणूनच आकडा विचारपूर्वक ठरवावा लागेल. पण आज 4,200 डॉलर प्रामाणिकपणे फेडणाऱ्या बाईला कुठलंच संरक्षण नाही, हेही मला पटत नाही.

अबोली_क्वीन्स:
आणि एक दिवस उशीर झाला म्हणून लेट फी लावली, ती तरी इथल्या नियमानं हवी ना?

जुना_खातेनीस:
नाही हो. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका बाईंनी हाच मुद्दा लढवला होता. लेट फी हाही व्याजाचाच भाग, असं सुप्रीम कोर्टानं मान्य केलं. म्हणजे तिथेही बँकेच्याच राज्याचा कायदा.

कोर्टाचा नाद सोडा आणि फेडरल क्रेडिट युनियन (सदस्यांच्याच मालकीची पतसंस्था) शोधा. त्यांच्या कर्जावर सध्या 18 टक्क्यांची फेडरल मर्यादा आहे. तेच 4,200 तिकडे वळवलेत तर व्याज महिन्याला 63 च्या पुढे जाणार नाही. सदस्य होता यायला हवं मात्र. नोकरीच्या ठिकाणावरून किंवा राहत्या भागावरून बहुतेकांना होता येतं.

अबोली_क्वीन्स:
माझ्या हॉस्पिटलच्या कँटीनशेजारीच एका क्रेडिट युनियनची खिडकी आहे. नऊ वर्षं रोज तिच्यावरून जाते. उद्या जेवणाच्या सुट्टीत बिल घेऊन जाते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.